आषाढात अडकलेलं झाकण : सहा गंजिफा-डब्यांचं प्रकरण

पुण्यातल्या एका घराच्या बाल्कनीत, जुन्या वाड्याच्या दाराच्या सागवानातून, एप्रिलच्या शेवटी सहा डबे झाले. आकार सहाही डब्यांचा एकच. आत दशावतारी गंजिफांचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गोल पत्त्यांचा, संच राहायचा. एकूण १२० पानं. पानाचा व्यास ६२ मिमी. तीस-तीस पानांच्या चार थप्प्या शेजारीशेजारी बसतील अशी १३२ × १३२ मिमीची आतली जागा. वर खाचेतून सरकणारं झाकण, त्यावर रंगकाम. कोपरे ४५ अंशांचे, खिळा कुठेही नाही. तळ आणि झाकण ६ मिमीच्या सागवानी फळीचं. भिंती १० मिमी जाड.

मे महिन्यात हे डबे घरोघर पोचले. तीन सावंतवाडीला, दोन मुंबईला, एक पुण्यातच राहिला. जाताना प्रत्येक झाकण एका बोटाने सरकत होतं आणि दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम १ मिमी मोकळीक होती. काम पाहणाऱ्याने कौतुकच केलं असतं.

जुलैच्या मध्यावर सावंतवाडीहून निरोप आला की दोन डबे उघडतच नाहीत. तिसरा उघडतो, पण तळहाताने ठोकून. न उघडणाऱ्या दोनपैकी एकाचा कोपरा वरपासून खालपर्यंत उकलला होता, फटीत पोस्टकार्ड जाईल इतका. मुंबईतल्या दोनपैकी एक, साध्या खोलीतल्या कपाटावर ठेवलेला, घट्ट अडकला होता. दुसरा एसीच्या खोलीत होता आणि मे महिन्यासारखाच सरकत होता. पुण्यातलं झाकण जड झालं होतं, पण चालत होतं.

एकाच लाकडाचे, एकाच हाताचे, एकाच आठवड्यात झालेले सहा डबे, आणि वागणूक चार तऱ्हांची. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहण्यासारखं आहे. ‘पावसाळ्यात लाकूड फुगतं’ हे कुणालाही ठाऊक असतं. किती फुगतं, कुठल्या दिशेला फुगतं आणि त्यासाठी खाचेत किती मिमी सोडायचे, याचा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतं.

‘जुनं सागवान हलत नाही’

चुकीची सुरुवात या समजुतीपासून झाली. वाड्याचं लाकूड ऐंशी-शंभर वर्षं वाळलेलं, आता ते कशाला फुगेल, असा विचार करून मोकळीक कमी ठेवली गेली. जुन्या लाकडाचे फायदे खरे आहेत. ते गाभ्याचं असतं, दाट वलयांचं असतं, त्यात आतला ताण कमी असतो, आणि कापल्यावर ते एकदम पीळ मारत नाही. पण हवेतला ओलावा ते नव्या लाकडासारखाच घेतं आणि सोडतं. वाळणं ही एकदाच होऊन संपणारी गोष्ट नाही. लाकूड कायम भोवतालच्या हवेशी तडजोड करत असतं. तापमान ३० अंश सेल्सियस धरलं तर ४० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडातला ओलावा साधारण साडेसात टक्क्यांवर येऊन थांबतो. ६० टक्क्यांच्या हवेत तो साडेदहावर, ८० टक्क्यांच्या हवेत साडेपंधरावर आणि ८५ टक्क्यांच्या हवेत साडेसतरावर जातो. शेवटच्या टप्प्यात चढ किती आहे पाहा. चाळिसावरून साठावर जाताना तीन टक्के वाढतात, पण ऐंशीवरून पंच्याऐंशीवर जातानाच दोन. कोकणातला पावसाळा नेमका या चढावर असतो.

ओलावा मोजला तो वजनकाट्यावर

ओलावा मोजायचं यंत्र घरी नसेल तरी अडत नाही. याच लाकडाचा उरलेला एक तुकडा मे महिन्यात ४२.६ ग्रॅम भरला होता. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावणारा काटा यासाठी पुरतो. तुकडा ओव्हनमध्ये साधारण १०३ अंशांवर ठेवून तासातासाने तोलला. वजन उतरायचं थांबलं तेव्हा तो ३९.४ ग्रॅमवर होता. उडालेलं पाणी ३.२ ग्रॅम. ते कोरड्या वजनाने भागायचं, ओल्या नव्हे. ३.२ भागिले ३९.४, म्हणजे ८.१ टक्के. (ओव्हनचं दार लावून निघून जाऊ नये. ओव्हन फार तापला तर तुकडा तपकिरी पडायला लागतो आणि हिशेब बिघडतो.)

डबे पाठवताना कुरिअरसाठी रिकाम्या डब्याचं वजन लिहून ठेवलं होतं, ते इथे उपयोगी पडलं. सावंतवाडीतला उकललेला डबा तेव्हा ३५० ग्रॅमचा होता. जुलैत तोच डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून परत मागवला आणि पिशवीतून काढताक्षणी तोलला, तर ३७७. मे महिन्यात ८.१ टक्के ओलावा होता, तेव्हा पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन ३५० भागिले १.०८१, म्हणजे ३२४ ग्रॅम. म्हणून जुलैतला ओलावा ५३ भागिले ३२४, म्हणजे १६.४ टक्के. दोन महिन्यांत त्या लहानशा डब्याने २७ ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन मोठे चमचे पाणी हवेतून ओढून घेतलं होतं. पॉलिश केलेलं असूनही. पॉलिश ओलाव्याचा वेग कमी करतं, त्याची वाट बंद करत नाही.

दिशेचा हिशेब

लाकूड लांबीत, म्हणजे तंतूंच्या रेषांच्या दिशेने, जवळजवळ हलत नाही. डब्याच्या मापात ते शून्यच धरावं. रुंदीत ते हलतं, आणि तेही दोन वेगवेगळ्या मापांनी. फळीच्या टोकाकडून पाहिलं तर वर्षावलयं दिसतात. ती फळीच्या रुंद अंगाला समांतर, आडवी पहुडलेली असतील, तर सागवान ओलाव्याच्या दर एक टक्क्याला रुंदीच्या ०.१८६ टक्के फुगतं. वलयं काटकोनात उभी असतील तर ०.१०१ टक्के. जवळपास निम्मंच.

डब्याच्या भिंतींच्या रेषा आडव्या, डब्याभोवती फिरणाऱ्या. त्यामुळे दोन खाचांमधलं १४० मिमी अंतर मे-जुलैत तेच राहिलं. झाकणाच्या रेषा मात्र पुढून मागे, म्हणजे सरकण्याच्या दिशेने होत्या. त्यामुळे फुगणारी रुंदी बरोबर दोन खाचांच्या मधे सापडली. १३९ मिमी रुंदी, ८.३ टक्क्यांचा फरक. आडव्या वलयांच्या झाकणाला लागणार होते २.१ मिमी, उभ्या वलयांच्या झाकणाला १.२. जागा होती १ मिमी.

आता सहा डबे पुन्हा पाहिले की कोडं सुटतं. सहापैकी चार झाकणं आडव्या वलयांची होती आणि दोन उभ्या. हे मुद्दाम केलेलं नव्हतं, जाड फळी चिरताना मधल्या दोन चिरफळ्या तशा निघाल्या एवढंच. त्यातलं एक झाकण पुण्यात राहिलं. तिथली पावसाळी हवा सावंतवाडीपेक्षा थोडी कोरडी, गरज ०.९ मिमीच्या आसपास, म्हणून ते जड झालं तरी चाललं. दुसरं सावंतवाडीला गेलं, तेच ठोकून उघडणारं. बाकी चार आडव्या वलयांची. त्यांतली तीन अडकली. चौथं एसीच्या खोलीत, आर्द्रता साठच्या घरात, फुगवटा ०.६ ते ०.७ मिमी, म्हणून त्याला काहीच झालं नाही. त्या घरचे लोक डब्याची तारीफ करतात. ती तारीफ खरं तर एसीच्या वाट्याची.

अडकलेल्या झाकणाचं नुकसान तिथेच थांबत नाही. फुगायला जागा मिळाली नाही की कडेचे तंतू चेपतात. हिवाळ्यात लाकूड आक्रसतं तेव्हा ते चेपलेल्या मापावरून आक्रसतं. पावसाळ्यात ज्याला हातोडी लागली, तेच झाकण मार्चमध्ये खाचेत खुळखुळतं. मग माणूस त्याला कागदाची पट्टी चिकटवतो, आणि पुढच्या आषाढात पुन्हा तेच.

झाकणाच्या फक्त वरच्या अंगावर रंग आणि रोगणाचे मिळून पाच-सहा हात होते, खालचं अंग कोरं. खालून ओलावा लवकर शिरतो, खालचं अंग आधी फुगतं, आणि दोन्ही कडा वर उचलल्या जातात. त्या खाचेच्या वरच्या ओठाला आतून दाबतात. रुंदीत जागा असती तरी या बाकामुळे झाकण जड गेलंच असतं.

कोपरा का उकलला

तळाची फळी चारही बाजूंनी फेव्हिकॉल भरून खाचेत घट्ट बसवली होती. तीही आडव्या वलयांची, तीही १४० मिमी रुंद. तिलाही दोन मिमीहून जास्त जागा हवी होती, आणि तिच्या वाट्याला तर शून्य होती. झाकण निदान अडकून बसतं. तळ भिंतींना बाहेर ढकलतो. लाकूड फुगताना लावतं तो जोर किती असतो, हे दगडफोडीच्या जुन्या पद्धतीवरून कळावं. खडकाच्या भोकांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतलं की खडक तडकतो. १० मिमीची भिंत त्यापुढे काय टिकणार?

तरी एकच कोपरा का गेला? तीन गोष्टी एकावर एक आल्या. ४५ अंशांच्या सांध्यात दोन्हीकडे लाकडाची कापलेली टोकं समोरासमोर येतात. ती नळ्यांच्या जुडीसारखी असतात, गोंद आत शोषून घेतात आणि सांध्यात पातळ थर उरतो. दुसरं, सागवान तेलकट. ताज्या रंध्याच्या अंगावर गोंद चांगला धरतो, पण तासून चार दिवस ठेवलं की तेल पृष्ठावर येतं. इथे कोन कापले रविवारी आणि चिकटवले गुरुवारी. तिसरं, त्या कोपऱ्यात कोन अर्ध्या अंशाने चुकला होता आणि ती फट गोंद-भुशाने भरलेली होती. भुसा भरलेली फट दिसत नाही. जोरही धरत नाही.

पुढची पट्टी

हा दोष कुणी कळवलेला नव्हता, डबे परत आल्यावर सापडला. डब्याच्या पुढच्या भिंतीचा वरचा भाग कापून तो झाकणाच्या पुढच्या कडेला चिकटवतात. बंद केल्यावर पुढची रेषा सलग दिसते आणि ओढायला पकडही मिळते. देखणी युक्ती आहे. पण पट्टीच्या रेषा डावीकडून उजवीकडे आणि झाकणाच्या पुढून मागे. एक हलत नाही, दुसरं २ मिमी हलतं, आणि दोघांना पूर्ण लांबीभर जखडलेलं. दोन झाकणांवर पट्टीचं एकेक टोक सुटलं होतं. ते सुटलं हे बरंच झालं. गोंद पक्का असता तर मार्चमध्ये आक्रसताना झाकण मधोमध चिरलं असतं, आणि चिरणार ते रंगवलेल्या चित्रासकट.

आधी सुटका

अडकलेल्या झाकणावर हातोडी चालवू नये. तेलही सोडू नये. तेल खाचेत शिरून तिथेच राहतं, रंगाखाली पसरतं आणि पुढे तिथे गोंद धरत नाही. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवणं निरुपयोगी, कारण पंखा तीच दमट हवा फिरवतो. उघडीप मिळाली म्हणून उन्हात ठेवणं सगळ्यात वाईट. वरचं अंग तासाभरात वाळतं, आतलं तसंच राहतं आणि फळी तडकते.

घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून त्यात अडकलेला डबा ठेवला. काढायचं पाणी २०-२५ ग्रॅम. जेल आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी आरामात घेते, म्हणजे दीडशे ग्रॅम पुरली असती. पण ती अर्धी भरली की वेग मंदावतो, म्हणून अर्धा किलो घेतली. रंग बदलणारी घ्यावी, म्हणजे कधी तापवून पुन्हा वापरायची ते दिसतं. दुसऱ्या दिवशी काही फरक नाही. पाचव्या दिवशी डबा ३७७ वरून ३६१ ग्रॅमवर आला आणि झाकण दोन अंगठ्यांनी सरकलं. बाहेर काढून पाहिलं तर दोन्ही कडा चकाकत होत्या, चेपून घासल्यावर येते तशी चकाकी.

सुटलेल्या झाकणांच्या कडा तिथेच तासायचा मोह होतो. तासायच्या आधी वजनावरून ओलावा काढावा, मग पावसाळ्यातल्या कमाल मापाला किती उरतं ते पाहावं. इथे प्रत्येक कडेचे ०.६ मिमी रंध्याने काढले, खाचेत मेण घासलं, आणि दोन डब्यांचं काम तेवढ्यावर भागलं. उकललेला डबा मात्र नव्याने करायचा ठरलं.

नवा डबा

भिंतींसाठी एकच सलग पट्टी, ६५० × ५५ × १० मिमी, म्हणजे रेषा चारही बाजूंना अखंड फिरतात. ५५ची फोड अशी: तळाखालचा ओठ ५, तळ ४, पानांची जागा ३६, झाकण ६, वरचा ओठ ४. जुनं लाकूड असेल तर रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवावा. वाड्याच्या दारात बारीक खिळे आणि बिजागऱ्यांचे खिळे तुटून राहिलेले असतात, आणि एक खिळा पात्याला दोन सुतांचा दात पाडतो. सागवानात मुळातच वाळूचा अंश असतो, पातं लवकर बोथट होतं. धार लावायचा दगड हाताशी ठेवूनच बसावं. भुसाही नाकाला झोंबतो, मास्क लावलेला बरा.

वखारीतून नवं लाकूड आणलं असेल तर ते लगेच १० मिमीला उतरवू नये. १३ मिमीवर ठेवून, मधे पट्ट्या घालून, घरातच रचून ठेवावं आणि दर तीन-चार दिवसांनी तोलावं. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की ते घरच्या हवेला आलं. बाहेरचं पांढरट लाकूड कापून टाकावं. भुंगा आधी तिथे लागतो.

खाचा कोन कापायच्या आधी, पट्टी सरळ असतानाच पाडायच्या. खाच पाडायचा रंधा असेल तर उत्तम. नसेल तर मार्किंग गेजने दोन खोल रेघा मारून पटाशीने मधलं काढावं, वेळ लागतो पण जमतं. खोली या वेळी ४ नाही, ५ मिमी. झाकणाची खाच ६.४ मिमी रुंद, कारण झाकणाला रंगाची जाडी असते. तळाची खाच हातात असलेल्या प्लायच्या तुकड्यावरून पाडायची, कारण ‘४ मिमी’ म्हणून मिळणारा प्लाय बरेचदा ३.६ भरतो.

होय, तळाला प्लाय. सागवानी डब्याला प्लायचा तळ म्हटलं की नाकं मुरडली जातात. पण प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, तो रुंदीत हलत नाही, त्यामुळे चारही बाजूंनी गोंद लावून बसवता येतो आणि उलट डब्याला बळकटी देतो. आत मखमल लावायचीच आहे. पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचा घ्यावा. अस्सल फळीच हवी असा हट्ट असेल, तर ती दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मिमी अपुरी ठेवावी आणि गोंद फक्त पुढच्या-मागच्या कडेच्या मधोमध, बोटभर जागेत लावावा. बाकी फळी खाचेत मोकळी.

कोन कापताना चूक बेरजेने वाढते. चार कोपऱ्यांत आठ तोंडं. प्रत्येक अर्ध्या अंशाने चुकलं तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उरते. करवतीने अर्धा मिमी जास्त ठेवून कापावं आणि प्लायच्या पाटावर ४५ अंशांची आडपट्टी ठोकून, तिला टेकवून रंध्याने अचूक करावं. समोरासमोरच्या भिंती पाठीला पाठ लावून बोटाने चाचपाव्या. ०.१ मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, नखाला कळतो.

पुढच्या भिंतीची वरची पट्टी आत्ताच कापून घ्यायची, खाचेच्या खालच्या काठाला धरून. करवतीचा एक मिमी जातो आणि पुढून एक बारीक रेघ दिसते. ती लपवायची गरज नाही, नख अडकवायला बरी पडते.

चिकटवणं त्याच दिवशी. कोनाची तोंडं थिनरच्या फडक्याने पुसावी. पहिला हात पाणी घालून पातळ केलेल्या गोंदाचा, तो शोषला जाऊ द्यावा, पाचेक मिनिटांनी दुसरा हात जसाच्या तसा. चारही भिंती बाहेरचं अंग वर करून टोकाला टोक लावून मांडाव्या, सांध्यांवर रुंद टेप ताणून लावावी, सगळं उलटं करून गोंद भरावा, तळ खाचेत घालून डबा गुंडाळत आणावा. टेप हाच शिकंजा. मग कर्ण मोजायचे. १५२ मिमीच्या चौकोनाचा कर्ण २१५. दोन कर्णांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर मोठ्या कर्णाच्या टोकांवर हलका दाब द्यायचा. पावसाळी दिवसात फेव्हिकॉल सुकायला वेळ घेतो, टेप दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नये.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपऱ्यात दोन चिरा, बाहेरून ८ मिमी खोल. त्यांत करवतीच्या चिरेच्या जाडीची शिसवीची पट्टी गोंद लावून बसवायची, रेषा कोपऱ्याला ओलांडून जातील अशा. आता सांधा टोकांच्या गोंदावर नाही, पट्टीच्या तंतूंवर टिकतो. पट्टी हाताच्या दाबाने जावी. ठोकून घालावी लागली तर गोंदाने फुगून ती कोपरा आतूनच उकलेल.

झाकण, दुसऱ्या दिशेने

खरा बदल इथे आहे. नव्या झाकणाच्या रेषा डावीकडून उजवीकडे. दोन खाचांच्या मधे आता लाकडाची लांबी आली, आणि लांबी हलत नाही. म्हणून १४२ मिमीच्या जागेत झाकण १४१.४ ठेवता आलं, मे महिन्यातही, जुलैतही. मनासारखं नेमकं बसवायची हौस इथे खुशाल भागवावी. फुगवटा आता पुढून मागे जातो. त्यासाठी मागच्या भिंतीच्या ५ मिमी खाचेत झाकण अडीचच मिमी शिरतं, अडीच मिमी रिकामे. झाकणाचं हे माप १३९.५ मिमी. उभ्या वलयांची फळी ८ वरून १७ टक्क्यांवर गेली तर १.३ मिमी वाढते, आडव्या वलयांची २.३. दोन्ही त्या जागेत मावतात. समोरून काही दिसत नाही. पुढची पट्टीही आता झाकणाच्या रेषांना समांतर, त्यामुळे पूर्ण लांबीभर गोंद लावायला हरकत नाही.

याची किंमत आहेच. खाचेत घासणाऱ्या कडा आता कापलेल्या टोकांच्या, खरखरीत. त्या २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्यांना साधी मेणबत्ती चोळावी. आणि बाक आला तर तो सरकण्याच्याच दिशेत येतो, सरळ खाचेत वाकडी फळी अडते. म्हणून झाकणाला उभ्या वलयांचाच तुकडा निवडावा आणि दोन्ही अंगांना सारखेच हात द्यावे. १०० ग्रॅम चपडी लाख ४०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, गाळून, वर तीन हात तर खालीही तीन. वर चित्र येणार असेल तर खाली तेवढ्याच रोगणाचे हात वाढवावे. पाऊस कोसळत असताना लाखेचा हात देऊ नये, पांढुरकं पडतं. खाचेच्या आत पॉलिश अजिबात नको, नुसतं मेण.

प्रत्येक डब्याला हीच दिशा हवी असं मात्र नाही. पेनांचा लांबट डबा, आतून ७० मिमी रुंद असेल, तर रेषा लांबीतच ठेवाव्या. उभ्या वलयांचं झाकण तिथे ०.७ मिमी फुगतं, तेवढी मोकळीक देणं सोपं आहे. चौकोनी, रुंद डब्याला ही युक्ती लागते. सावंतवाडीची खेळणी-फळं करायला वापरतात तो पांगारा किंवा आंब्याचं लाकूड घेतलं, तर सागवानाचे आकडे चालणार नाहीत. त्या लाकडाची पट्टी कापून, रुंदी आणि वजन दोन्ही मे आणि जुलैत मोजून आपला आकडा काढावा.

डबा पावसाळ्यातच करायची वेळ आली तर हिशेब उलटा. लाकूड तेव्हा आधीच १५ टक्क्यांच्या आसपास असतं, ते यापुढे फार फुगणार नाही, आक्रसणार. मागची जागा अडीचऐवजी एक मिमी पुरते, आणि मे महिन्यात झाकण मागच्या खाचेतून पूर्ण बाहेर येत नाही एवढंच पाहायचं.

नवा डबा ऑगस्टमध्ये, घरात कोरडं करून ठेवलेल्या लाकडातून झाला आणि सावंतवाडीला गेला. त्याच्या तळाला, मखमलीच्या खाली, पेन्सिलीने तीन ओळी आहेत: महिना, रिकाम्या डब्याचं वजन, आणि मागच्या खाचेत सोडलेली जागा मिमीत. कधी झाकण जड झालंच, तर पटाशी हातात घेण्याआधी डबा काट्यावर ठेवायचा.